टीएससी, एचपीईटी आणि ‘किती वाजले?’ या प्रश्नाची किंमत

लिनक्स सर्व्हरवरची एखादी सेवा कोडची एक ओळही न बदलता अचानक मंदावते. सीपीयूचा वापर वाढलेला असतो आणि त्यातला ‘सिस्टीम’चा वाटा नेहमीपेक्षा मोठा दिसतो. डिस्क आणि नेटवर्क मात्र निवांत. अशा वेळी डेटाबेस, गार्बेज कलेक्शन, कर्नेलचा (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा) नवा पॅच या सगळ्यांची झडती होते. ही एक फाइल मात्र क्वचितच कुणी उघडतं:

कॅट /सिस/डिव्हायसेस/सिस्टीम/क्लॉकसोर्स/क्लॉकसोर्स०/करंट_क्लॉकसोर्स

कर्नेल वेळ सांगायला सध्या कोणता काउंटर वापरतो, ते ही फाइल सांगते. इथे ‘टीएससी’ (प्रोसेसरच्या आतला वेगवान काउंटर) याऐवजी ‘एचपीईटी’ किंवा ‘एसीपीआय_पीएम’ (प्रोसेसरबाहेरचे संथ काउंटर) असं उत्तर आलं, तर निम्मा तपास संपला म्हणायचा. (आज्ञा आणि फाइलींची नावं या लेखात देवनागरीत आहेत, टर्मिनलवर अर्थातच रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टाकायची.)

आधी एक गल्लत दूर करू. कर्नेलकडे वेळेची दोन वेगळी कामं असतात. ‘अमुक वेळाने मला उठव’ हे टायमर इंटरप्टचं काम. ‘आत्ता नेमके किती वाजले’ हे काउंटरचं काम. क्लॉकसोर्स म्हणजे हा दुसरा, स्थिर गतीने वाढत जाणारा आकडा. कर्नेल तो आकडा वाचतो, मागच्या नोंदीपासूनचा फरक काढतो, ठरलेल्या गुणकाने त्याचे नॅनोसेकंद करतो आणि आधीच्या वेळेत मिळवतो. गुणाकाराला काहीच वेळ लागत नाही. सगळा खर्च काउंटर वाचण्यात होतो, आणि तो किती हे काउंटर मशीनमध्ये कुठे बसला आहे त्यावर ठरतं.

कोण कुठे बसलंय

सगळ्यात जुना पीआयटी, म्हणजे ८२५४ चिप. गती १.१९३१८२ मेगाहर्ट्झ. हा विचित्र आकडा आला १४.३१८१८ मेगाहर्ट्झच्या स्फटिकाला १२ ने भागून. तो स्फटिक अमेरिकी रंगीत टीव्हीच्या ३.५७९५४५ मेगाहर्ट्झ रंगलहरीच्या बरोबर चौपट, त्यामुळे बाजारात स्वस्तात मिळायचा. एसीपीआय पीएम टायमर आजही नेमक्या ३.५७९५४५ मेगाहर्ट्झवर चालतो. टीव्हीची ती पद्धत इतिहासजमा झाली तरी तिचा आकडा डेटा सेंटरमधल्या रॅकांमध्ये टिकून आहे.

पीएम टायमर बहुधा २४ बिटांचा असतो, म्हणजे साधारण ४.६९ सेकंदांत भरून पुन्हा शून्यावर येतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे. तो आय/ओ पोर्टमधून वाचावा लागतो आणि एका वाचनाला साधारण एक मायक्रोसेकंद जातो. काही जुन्या चिपसेटांवर तो मधूनच चुकीचा आकडा देतो, म्हणून तिथे कर्नेल तीन-तीनदा वाचून खात्री करतो.

एचपीईटी इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने मिळून आणला. किमान १० मेगाहर्ट्झ, जुन्या मशीनवर बहुधा तोच १४.३१८१८, अलीकडच्या इंटेल चिपसेटवर अनेकदा २४ मेगाहर्ट्झ. नावातच ‘हाय प्रिसिजन’ आहे आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. पीआयटीच्या तुलनेत तो अचूक खराच, पण बसतो चिपसेटमध्ये. सीपीयूला तो वाचायचा तर मेमरी-मॅप्ड रजिस्टरपर्यंत जाऊन परत यावं लागतं, आणि ते उत्तर येईपर्यंत कोअर नुसता थांबून राहतो. अर्ध्या मायक्रोसेकंदापासून एक-दीड मायक्रोसेकंदापर्यंत वेळ यातच जातो. शिवाय अख्ख्या मशीनला हे यंत्र एकच. चाळीत नळ एकच असला की घरं वाढतील तशी रांग वाढते, तसंच ६४ कोअरच्या सर्व्हरवर होतं. ही रांग इतकी वाईट व्हायची, की एका कोअरने वाचलेला आकडा शेजारच्या वाट पाहणाऱ्या कोअरनेही वापरावा अशी तरतूद कर्नेलमध्ये करावी लागली.

टीएससी १९९३ च्या पेंटियमपासून आहे. ६४ बिटांचा, प्रत्येक कोअरच्या आत. ‘आरडीटीएससी’ ही एक सूचना दिली की आकडा हातात, खर्च सुमारे २५ ते ४० सायकल. ३ गिगाहर्ट्झवर एक टिक म्हणजे नॅनोसेकंदाचा तिसरा भाग, आणि काउंटर भरायला १९० वर्षांहून जास्त. सूचनांचा क्रम बिघडू नये म्हणून आधी ‘एलफेन्स’ लावतात किंवा ‘आरडीटीएससीपी’ वापरतात. तेवढी भर धरूनही पूर्ण क्लॉक_गेटटाइम (प्रोग्रामने वेळ विचारण्याचा कॉल) २० ते ३० नॅनोसेकंदांत आटोपतं.

म्हणजे ‘अचूकता हवी तर वेग सोडा’ असा हा सौदाच नाही. टीएससी जास्त बारीक मोजतो आणि जास्त वेगवानही आहे. सौदा आहे तो विश्वासाचा. एचपीईटी सावकाश असला तरी सगळ्या कोअरना एकच उत्तर देतो. टीएससी प्रत्येक कोअरचा वेगळा, आणि ते सगळे एकाच ठेक्यात चालतील ही हमी फार उशिरा मिळाली.

फरक कुठे जाणवतो

समजा एक सेवा सेकंदाला ५०,००० विनंत्या हाताळते. लॉग, मेट्रिक, टाइमआउट, ट्रेसिंग असं धरून प्रत्येक विनंतीमागे २० वेळा वेळ विचारते. हा आकडा फुगवलेला नाही, ट्रेसिंगची एखादी लायब्ररी चालू केली की सहज गाठला जातो. एकूण वाचनं झाली सेकंदाला दहा लाख. टीएससीवर २५ नॅनोसेकंदांनी एका कोअरचा अडीच टक्के वेळ. एचपीईटीवर एक मायक्रोसेकंद धरला तर एक पूर्ण कोअर, आणि वाचनं एकामागून एकच होणार असल्याने ती अख्ख्या मशीनची कमाल मर्यादाही ठरते. त्यापुढे कितीही कोअर वाढवा, उपयोग नाही.

यात व्हीडीएसओची भर पडते. कर्नेल प्रत्येक प्रोसेसच्या मेमरीत एक छोटी लायब्ररी टाकून ठेवतो. तिच्यामुळे क्लॉक_गेटटाइम आणि गेटटाइमऑफडे सिस्टीम कॉलशिवाय, म्हणजे कर्नेलमध्ये न शिरता, थेट वापरकर्त्याच्या बाजूलाच उरकतात. पण क्लॉकसोर्स तिथून वाचता येण्यासारखा असेल तरच. टीएससी, आणि व्हर्च्युअल मशीनमधले केव्हीएम-क्लॉक व हायपर-व्हीचं टीएससी-पान चालतं. एचपीईटी पूर्वी चालायचा, नंतर ती सोय काढून टाकली. पीएम टायमर चालत नाही. म्हणजे एचपीईटीवर घसरलात की संथ काउंटरबरोबर प्रत्येक वेळी कर्नेलमध्ये जाण्या-येण्याचाही भुर्दंड, आणि २०१८ च्या जानेवारीत मेल्टडाउनवरचे उपाय आल्यापासून तोही महाग झाला आहे.

यातूनच तपासाची एक सोपी खूण मिळते. व्हीडीएसओतून जाणारे कॉल ‘एसट्रेस’ला (सिस्टीम कॉलची नोंद दाखवणाऱ्या साधनाला) दिसत नाहीत. प्रोसेसवर एसट्रेस लावल्यावर क्लॉक_गेटटाइमच्या ओळींचा पाऊस पडू लागला, तर तुम्ही संथ वाटेवर आहात. पर्फ टॉपमध्ये (सीपीयूचा वेळ कुठे जातो ते दाखवणाऱ्या साधनात) ‘रीड_एचपीईटी’ किंवा ‘एसीपीआय_पीएम_रीड’ वर आलेलं दिसलं तरी निदान तेच.

पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरणाऱ्यांकडे आयतं साधन आहे: पीजी_टेस्ट_टायमिंग. पोस्टग्रेसच्या अधिकृत दस्तऐवजातल्या उदाहरणात एकाच मशीनवर टीएससीने प्रत्येक फेरीला सुमारे ३६ नॅनोसेकंद घेतले आणि पीएम टायमरने सुमारे ७२३. एक्सप्लेन ॲनलाइझ (क्वेरीच्या पायऱ्यांना लागलेला वेळ दाखवणारी आज्ञा) प्रत्येक ओळीमागे वेळ विचारत असल्याने त्याच उदाहरणातली लाखभर ओळींची मोजणी टीएससीवर ९.८ वरून १६.६ मिलिसेकंदांवर गेली, आणि पीएम टायमरवर ११५ च्या पुढे. क्वेरी तीच, फक्त मोजणाऱ्याचं ओझं वाढलं. म्हणून एक्सप्लेन ॲनलाइझ आणि प्रत्यक्षातली क्वेरी यांच्या वेळांत मोठी तफावत असेल, तर इंडेक्सच्या मागे लागण्याआधी ‘टायमिंग ऑफ’ देऊन पुन्हा चालवून बघा.

पोस्टग्रेस नसेल तर सी-मध्ये क्लॉक_गेटटाइमची एक कोटी फेऱ्यांची लूप लिहायला दोन मिनिटं लागतात. टीएससीवर ती पाव-अर्ध्या सेकंदात संपते, एचपीईटीवर सात-दहा सेकंद घेते. आकडा या दोन टोकांपैकी कुठे पडतो, एवढं कळलं तरी पुरे.

कर्नेलचा विश्वास का उडतो

टीएससीची बदनामी खोटी नव्हती. सुरुवातीला तो सीपीयूच्या प्रत्यक्ष गतीने चालायचा. वीज वाचवायला गती कमी झाली की घड्याळही मंद. मग गाढ झोपेच्या सी-स्टेटमध्ये तो थांबायचा. एएमडीच्या ॲथलॉन ६४ एक्स२ मध्ये तर दोन कोअरचे टीएससी एकमेकांपासून सरकायचे, त्यामुळे गेम उड्या मारल्यासारखे चालायचे आणि एएमडीला त्यासाठी वेगळा ‘ड्युअल-कोअर ऑप्टिमायझर’ द्यावा लागला.

आता प्रोसेसरच हमी देतो. /प्रॉक/सीपीयूइन्फोच्या फ्लॅगांत दोन नावं बघा: ‘कॉन्स्टंट_टीएससी’, म्हणजे गती बदलली तरी दर तोच, आणि ‘नॉनस्टॉप_टीएससी’, म्हणजे झोपेतही चालू. सोबत ‘टीएससी_ॲडजस्ट’ असेल तर आणखी बरं. एसएमआयमध्ये (बायोसच्या कामासाठी प्रोसेसर मध्येच थांबवणाऱ्या इंटरप्टमध्ये) गेलेला वेळ लपवायला काही बायोस टीएससीत परस्पर फेरफार करतात, तो या रजिस्टरमुळे कर्नेलला पकडता येतो. पकडला तर डीमेसेजमध्ये (कर्नेलच्या लॉगमध्ये) ‘फर्मवेअर बग’ अशी ओळ येते आणि ती बायोस अद्ययावत करण्याची सूचना समजावी.

तरीही कर्नेल एक पहारेकरी ठेवतो, वॉचडॉग. दर अर्ध्या सेकंदाला तो टीएससीची तुलना एचपीईटी किंवा पीएम टायमरशी करतो. फरक मर्यादेबाहेर गेला (बरीच वर्षं ही मर्यादा ६२.५ मिलिसेकंद होती) की टीएससी ‘अनस्टेबल’ ठरतो, आणि कर्नेल रेटिंगमध्ये खालच्या पर्यायावर उतरतो. टीएससीचं रेटिंग ३००, एचपीईटीचं २५०, एसीपीआय_पीएमचं २००. हे सगळं चालत्या मशीनवर, काहीही बंद न पडता होतं. डीमेसेजमधल्या चार-पाच ओळी सोडल्या तर कुठेही बोंब नाही, आणि रीबूटपर्यंत टीएससी परत येत नाही.

गंमत अशी, की पुष्कळदा खोटा पहारेकरीच असतो. टीएससी वाचल्यावर एचपीईटी वाचण्याआधी मध्येच लांबलचक एसएमआय आला, किंवा व्हर्च्युअल मशीनचा व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) होस्टने, म्हणजे खालच्या खऱ्या मशीनने, बाजूला काढला, तर तो सगळा वेळ ‘फरक’ म्हणून धरला जातो. वॉचडॉगचा टायमर पाच सेकंद अडकून राहिला तर २४ बिटांचा पीएम टायमर मधल्या काळात एकदा शून्यावर येऊन गेलेला असतो (तेच ४.६९ सेकंद) आणि तुलना साफ चुकते. इंटेलच्या कॉफी लेक प्लॅटफॉर्मवर तर उलटाच प्रकार होता. चिप पीसी१० या गाढ झोपेत गेली की एचपीईटीच सरकायचा आणि दोषी ठरायचा निर्दोष टीएससी. २०१९ मध्ये लिनक्सने त्या प्लॅटफॉर्मवर एचपीईटीच बंद केला. नंतरच्या कर्नेलमध्ये वॉचडॉग शंका आली की पुन्हा वाचून पाहतो, आणि वरचे तिन्ही फ्लॅग असलेल्या मोजक्या सॉकेटांच्या मशीनवर टीएससीच्या मागचा पहाराच काढून टाकला आहे. नवा कर्नेल हाच अनेकांसाठी खरा इलाज आहे.

घसरलेला दिसला तर

पहिलं काम: डीमेसेजमध्ये ‘टीएससी’ आणि ‘क्लॉकसोर्स’ शोधा. कारण तिथे लिहिलेलं असतं. ‘टीएससी हॉल्ट्स इन आयडल’ असेल तर प्रोसेसर जुना आहे, किंवा व्हर्च्युअल मशीनला नॉनस्टॉपचा फ्लॅग दाखवलेलाच नाही. ‘चेक_टीएससी_सिंक_सोर्स फेल्ड’ असेल तर बूटच्या वेळी कोअरांचे टीएससी जुळले नाहीत, आणि ही तक्रार गंभीर धरायची. नुसतं ‘क्लॉकसोर्स वॉचडॉग’ असेल तर वर सांगितलेल्या खोट्या गजराची शक्यता मोठी. ओळीखाली दोन्ही काउंटरांचे आकडे छापलेले असतात. एकट्या वॉचडॉगचा आकडा गोल फिरून आल्यासारखा दिसला, तर उत्तर मिळालं.

मग त्याच फोल्डरमधली ‘अव्हेलेबल_क्लॉकसोर्स’ बघा. यादीत टीएससी असेल तर चालत्या मशीनवर, रूट म्हणून, ‘करंट_क्लॉकसोर्स’मध्ये त्याचं नाव लिहून बदलता येतो. अनस्टेबल ठरल्यामुळे यादीतून गेला असेल तर लिहून उपयोग नाही, आणि इथे एक खोच आहे: लिहिण्याची आज्ञा चूक दाखवत नाही. सगळं नीट झाल्यासारखं वाटतं, नकार फक्त कर्नेल लॉगमध्ये जातो. म्हणून लिहिल्यावर फाइल पुन्हा वाचायची.

रीबूटच्या वाटेने जायचं तर /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब (बूटलोडरची फाइल) मधल्या कर्नेल ओळीत ‘टीएससी=नोवॉचडॉग’ किंवा ‘टीएससी=रिलायेबल’ घालून ग्रबची फाइल नव्याने बनवायची. इंटरनेटवर दुसरा पर्याय सर्रास सुचवतात. मला तो सरसकट पटत नाही. ‘नोवॉचडॉग’ फक्त पहारा काढतो. ‘रिलायेबल’ बूटच्या वेळची कोअर-जुळणीची तपासणीही सोडून देतो. एक-दोन सॉकेटच्या, तिन्ही फ्लॅगवाल्या मशीनवर पहिला पुरतो. मोठ्या, अनेक सॉकेटांच्या मशीनवर टीएससी खरंच सरकलेला असेल आणि तुम्ही दटावून ‘विश्वास ठेव’ म्हणालात, तर एका कोअरवरून दुसऱ्यावर गेलेल्या थ्रेडला वेळ मागे गेलेली दिसू शकते. वजाबाकी ऋण येते, ती अनसाइन्ड चलात पडली की अवाढव्य आकडा होतो आणि टाइमआउट भलत्याच क्षणी फुटतात. असा बग शोधण्यापेक्षा मंद एचपीईटी परवडला.

एनटीपीचा (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याच्या पद्धतीचा) यात संबंध नाही, हेही सांगायला हवं. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनंतर भारतातल्या कंपन्यांनी एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी सर्व्हरशी घड्याळं जुळवायला घेतली, आणि ‘आमची वेळ बरोबर आहे’ म्हणून पुष्कळ जण निश्चिंत झाले. एचपीईटीवर चालणाऱ्या मशीनची वेळही एनटीपीने अगदी बरोबर राहते. ती विचारायला लागणारा खर्च कमी होत नाही.

व्हर्च्युअल मशीन

केव्हीएम या लिनक्सच्या व्हर्च्युअल मशीन यंत्रणेखाली ‘केव्हीएम-क्लॉक’ दिसतो. होस्ट एका सामायिक पानावर टीएससीचा दर आणि पाया लिहून ठेवतो, पाहुणा, म्हणजे आतलं व्हर्च्युअल मशीन, टीएससी वाचून हिशेब करतो. व्हीडीएसओतून चालतो, त्यामुळे थेट टीएससीच्या तुलनेत तोटा थोड्या नॅनोसेकंदांचा. त्यासाठी आटापिटा करू नये. वेगवेगळ्या पिढ्यांच्या होस्टवर लाइव्ह मायग्रेशन होत असेल तर केव्हीएम-क्लॉक तसाच ठेवलेला बरा, कारण होस्ट बदलल्यावर दर बदलला तरी तो सांभाळून घेतो.

पण होस्टचा स्वतःचा क्लॉकसोर्स टीएससीवरून घसरला, तर सामायिक पानावरची ‘स्थिर’ खूण जाते आणि त्या होस्टवरच्या सगळ्या पाहुण्यांचे कॉल व्हीडीएसओ सोडून सिस्टीम कॉलवर येतात. पाहुण्यात बघितलं तर ‘केव्हीएम-क्लॉक’च दिसतो, सगळं जागेवर. दोष एक मजला खाली असतो. एसट्रेसची खूण इथे कामाला येते.

झेन या दुसऱ्या, जुन्या व्हर्च्युअल मशीन यंत्रणेवर परिस्थिती जुनी. ‘झेन’ क्लॉकसोर्स असताना ॲमेझॉनच्या झेनवरच्या इन्स्टन्सवर वेळेचा प्रत्येक प्रश्न सिस्टीम कॉल व्हायचा, आणि अशा इन्स्टन्सवर टीएससी वापरावा असं ॲमेझॉनचंच मार्गदर्शन आहे. ॲमेझॉनच्याच नायट्रो या नव्या यंत्रणेवरच्या प्रकारांवर केव्हीएम-क्लॉक येतो.

विंडोजवाल्यांसाठी एवढंच: ‘बीसीडीएडिट /सेट युजप्लॅटफॉर्मक्लॉक ट्रू’ ही गेमिंगच्या सल्ल्यांत फिरणारी आज्ञा वापरू नका. ती क्वेरीपरफॉर्मन्सकाउंटरला (विंडोजच्या बारीक वेळ मोजणाऱ्या फंक्शनला) जबरदस्तीने एचपीईटीवर नेते. एप्रिल २०१८ मध्ये आनंदटेक या हार्डवेअर वेबसाइटच्या एएमडी रायझन चाचण्यांत एचपीईटी असा सक्तीने चालू होता, आणि त्यामुळे इंटेल प्रोसेसरांचे गेमिंगचे आकडे इतके खाली आले की त्यांना चाचण्या पुन्हा घ्याव्या लागल्या. आधीच टाकली असेल तर ‘/डिलीटव्हॅल्यू युजप्लॅटफॉर्मक्लॉक’ देऊन रीबूट करा. बायोसमधला एचपीईटी बंद करायची गरज नाही. तो नुसता असल्याने काही बिघडत नाही, वापरल्याने बिघडतं.

कोडच्या बाजूने

एचपीईटीशिवाय गत्यंतरच नसेल तर वेळ कमी वेळा विचारा. क्लॉक_मोनोटॉनिक_कोर्स हा वेळ विचारण्याचा ढोबळ पर्याय काउंटर वाचतच नाही, मागच्या टिकला नोंदवलेली वेळ देतो, म्हणून क्लॉकसोर्स कुठलाही असो, तो स्वस्तच. एचझेड (सेकंदाला टिक) २५० असलेल्या कर्नेलवर त्याची बारकाई ४ मिलिसेकंद. लॉगच्या शिक्क्याला पुरते, लेटन्सी मोजायला नाही. एनजिनएक्स आणि रेडिस दोघंही वेळ एकदा वाचून साठवतात आणि पुन्हा पुन्हा तीच वापरतात, त्यामागचा हिशेब हाच. कालावधी मोजायला मात्र क्लॉक_रिअलटाइम कधीच नको, कुणी घड्याळ मागे सरकवलं की वजाबाकी कोसळते.

एआरएमवर हा सगळा वाद जवळपास नाहीच. ‘आर्क_सिस_काउंटर’ वाचणं स्वस्त आणि कोअरांत जुळलेलं असतं. तिथली अडचण उलटी: वाचन झटपट, पण टिक जाड. ॲपलच्या एम१ वर २४ मेगाहर्ट्झ, म्हणजे ४१.६७ नॅनोसेकंदांची एक पायरी. रास्पबेरी पाय ४ वर ५४ मेगाहर्ट्झ, म्हणजे साडेअठरा. लागोपाठच्या दोन वाचनांत शून्य फरक आला तर तुमचं फंक्शन फुकटात चाललेलं नाही, ते एका पायरीच्या आत संपलं. हजार फेऱ्यांची एकत्र वेळ घ्या आणि भागा. एआरएमव्ही८.६ पासून हा काउंटर १ गिगाहर्ट्झचा सांगितला आहे, त्यामुळे नव्या चिपवर मोजण्याआधी काउंटरची गती सांगणारं ‘सीएनटीएफआरक्यू’ रजिस्टर एकदा वाचून घ्या.